शनवाऱ्यातील एक मासिक

गेल्या पौषात एका मिळकतीच्या दाव्याची जुनी कागदपत्रे पाहण्यासाठी आम्हांस बऱ्हाणपुरास चार दिवस राहावे लागले. उतरलो होतो शनवाऱ्यात, आमच्या मावसबहिणीच्या घरी. पुण्याच्या पेठांस जशी वारांची नावे आहेत, तशी तापीकाठच्या ह्या जुन्या शहरातील मोहल्ल्यांस व तटाच्या दरवाजांसही आहेत. शनवारा, इतवारा ही त्यांपैकीच. बहिणीचे सासर मूळचे गोमंतकाकडील. शिंद्यांच्या दौलतीत जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड यांच्यासारखे सारस्वत सेनानी नावारूपास आले, त्या काळात जी कुटुंबे उत्तरेकडे सरकली त्यांतले आपले एक, असे त्या घरात सांगतात. बाहेर हिंदी, बाजारात निमाडी आणि माजघरात मराठी, अशी त्या घराची त्रिवेणी आहे.

तिच्यात एक चौथी, गुप्त धाराही आहे. बहिणीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, त्यांचे माहेर फोंड्याकडचे. शहाऐंशीव्या वर्षीही देवापुढे बसल्या म्हणजे त्या कोंकणीत पुटपुटतात. आपले हे मासिक त्यांच्याकडे टपालाने येते आणि त्या ते पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचतात. त्या घरात कोंकणी वाचणाऱ्या त्या एकट्याच. ह्या काकूंची नात, म्हणजे आमची भाची, पत्रकारितेचे शिक्षण घेत आहे. परीक्षेसाठी प्रत्येकाने चोवीस पानांचे एक मासिक स्वतः मांडून, छापून द्यावयाचे होते. मजकूर कोणताही चालेल, परंतु अंक बाजारात ठेवता येईल असा दिसला पाहिजे, ही अट. वर्गातील बाकीच्यांनी सिनेमा, क्रिकेट असे विषय घेतले. हिने आपल्या शहराचा विषय घेतला, भाषा मराठी ठेवली, आणि चार पाने आजीने सांगितलेल्या कोंकणी आठवणींना दिली.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी नमुन्याची पहिली प्रत छापून आली होती. रंग झकास, कागद गुळगुळीत, छायाचित्रे सुरेख. भाचीने ती मोठ्या हौसेने आजीच्या हाती दिली. काकूंनी चष्मा लावला, मुखपृष्ठ जवळ धरले, दूर धरले, आणि म्हणाल्या, "गो बाये, हो खंयचो गांव?" मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत शहराचे नाव उमटले होते ते 'बर्हाणपूर' असे. आत 'शनवाऱ्यात' ह्या शब्दाचे 'शनवार्यात' झाले होते. कोंकणी पाने तर काकूंस वाचताच येईनात. अक्षर बारीक, रंगाने करडे, आणि ओळी एकमेकींवर अशा दाटलेल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकावा. पोरीचा चेहरा उतरला. ती आम्हांस म्हणाली, "मामा, मी सगळे नियम पाळले आहेत. मग हे असे का दिसते?"

हा प्रश्न आम्हांस वरवर दिसतो त्याहून जुना वाटला, आणि त्याचे उत्तर शोधताना जे ध्यानात आले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

प्रथम एका आक्षेपाची वासलात लावू. रूपापेक्षा आशय महत्त्वाचा, छपाईच्या नटवेपणावर देवस्थानाचा पैसा का उधळावा, असे आपल्या मंडळींत अनेकदा ऐकू येते. आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. वकिलीच्या उमेदवारीत आमच्या ज्येष्ठांनी आमचा पहिला दावा-अर्ज न वाचताच परत केला होता, कारण डावीकडे समास पुरेसा सोडला नव्हता. आम्हांस राग आला. पुढे कळले की न्यायालयाच्या दफ्तरात कागद डावीकडून टाचले जातात, आणि समास नसेल तर अशिलाचे म्हणणे शिवणीत गडप होते. समास म्हणजे शोभा नव्हे, वाचणाऱ्याची सोय. मासिकाचे रूप ही गोष्टही आम्ही आता त्याच दृष्टीने पाहतो.

आपल्या भाषांच्या बाबतीत ह्या सोयीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. परंतु फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. भाषा आपली, ओवी आपली, पण लिपी परक्यांची. देवनागरीचे खिळे पाडणे हे काम किती अवघड होते, ह्याची कल्पना यावरून येते. १८०५ साली श्रीरामपुरास विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण निघाले तेव्हा मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनी छापता आले. मधल्या काळात जवळजवळ दोन शतके गेली. ही सारी हकीकत ज्यांनी साक्षेपाने जुळवून १९५८ साली इंग्रजी ग्रंथरूपाने मांडली, ते अनंत काकबा प्रियोळकर हे नावाप्रमाणेच प्रियोळचे. श्रीमंगेशाच्या गावच्या ह्या पंडिताचे ऋण आपल्या वाचकांनी तरी विसरू नये.

खिळे पाडणे अवघड का, हे समजले म्हणजे भाचीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ओळीने उभी राहतात. देवनागरीची ओळ मात्र तीन मजल्यांची. मधल्या मजल्यावर शिरोरेखेला लोंबणारे अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. त्यांतून जोडाक्षरे निराळी. इंग्रजी जुळाऱ्याचे काम ज्या पेटीत भागे, तिच्या कित्येक पट घरे मराठी जुळाऱ्यापुढे मांडलेली असत. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटाटोपात लक्ष घातले, ते काही हौसेखातर नव्हे.

हे काम आपल्याकडे शिकले कोण? मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात काम करणाऱ्या गणपत कृष्णाजी यांनी ते पाहून पाहून आत्मसात केले, स्वतःचे शिळाछापाचे यंत्र उभे केले, आणि १८३१ साली पहिले छापील मराठी पंचांग काढले. छापील कागदास शिवावे की नाही ह्याचा ज्या काळी विचार होई, त्या काळी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. पंचांग ही मांडणीच्या दृष्टीने किती कठीण वस्तू आहे ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, त्यांच्या घटिका-पळांसह, एका पानावर, आणि घरातल्या म्हाताऱ्यास दिव्याच्या उजेडात वाचता येईल असे. मराठी मुद्रणातील मांडणीचा पहिला धडा असा धर्मकृत्याच्या गरजेतून गिरवला गेला.

त्याच छापखान्यात पुढे जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा खिळे घासण्याच्या कामास लागला. त्याने १८६४ साली खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षर कोरणारा कारागीर त्यांना जोडीस मिळाला, आणि निर्णयसागरचे वळण हे देवनागरीच्या सौष्ठवाचे मापच होऊन बसले. आपल्या देवघरातील जुनी स्तोत्रे, पोथ्या काढून पाहाव्यात. त्यांतल्या कित्येकांवर ह्या छापखान्याचे नाव आढळेल. ह्याच जावजींनी १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादनाखाली 'बालबोध' मासिक सुरू केले. खिळे घासणाऱ्याने मासिक काढावे ह्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी अक्षर, मग ओळ, मग पान, आणि सर्वांच्या शेवटी अंक.

दोन भाषांच्या अंकाची अडचणही नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते द्विभाषी. पानाचे दोन उभे स्तंभ, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. कोणती भाषा वर आणि कोणती खाली हा वाद त्या मांडणीने उद्भवूच दिला नाही. दोघींस एकाच पानावर सारखा पाट मांडला. बाळशास्त्रींनीच १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढले, आणि मराठीत मासिकांची परंपरा सुरू झाली.

येथवर भाची निमूट ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, हे सगळे मुंबईचे. आमच्या निमाडात कोणी काही केले की नाही?" आम्हांस आनंद झाला, कारण ह्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच अभ्यासक्रमाच्या दारात होते. बऱ्हाणपुराशेजारच्या खंडव्याहून एप्रिल १९१३ मध्ये 'प्रभा' नावाचे हिंदी मासिक निघाले. संपादक कालूराम गंगराडे, आणि संपादनाचा भार वाहणारे एक तरुण शाळामास्तर, माखनलाल चतुर्वेदी. त्याच वर्षी त्यांनी मास्तरकी सोडून पत्रकारिता पत्करली. ह्याच चतुर्वेदींच्या नावे मध्य प्रदेशात १९९० च्या कायद्याने पत्रकारितेचे विद्यापीठ स्थापन झाले. ही 'प्रभा' आरंभी छापली जाई कोठे? पुण्यास, चित्रशाळा छापखान्यात. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेली आणि वासुकाका जोशी यांनी वाढविलेली ती चित्रशाळा. देवादिकांच्या रंगीत चित्रांनी तिने घराघरांतील भिंती सजविल्या, आणि १९१० च्या सुमारास 'चित्रमय जगत' हे सचित्र मासिक काढून छायाचित्र व मजकूर एकत्र कसे नांदवावेत ह्याचा वस्तुपाठ घालून दिला.

निमाडातल्या हिंदी संपादकाने आपले मासिक पुण्याच्या मराठी छापखान्यात छापवावे, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते. खंडव्याहून पुण्याकडे जाणारी आगगाडी बऱ्हाणपुरावरूनच जाते. देवनागरी ही दोघांचीही लिपी. तरी तिची काही वळणे मराठीची, काही हिंदीची. ज्याच्याकडे चांगली विद्या आहे त्याच्याकडे जावे, तिचा दर्जा घ्यावा, आणि भाषा मात्र आपली ठेवावी, हे त्या व्यवहाराचे सार. भाचीकडून नेमके येथेच चुकले होते.

तिने मांडणीसाठी जो तयार साचा घेतला तो इंग्रजी मासिकासाठी बेतलेला होता. बारा पॉइंटाच्या अक्षरास चौदा पॉइंटांची ओळ, तीन अरुंद स्तंभ, दोन्ही कडा सरळ. इंग्रजीस हे शोभते. मराठीत वरखाली मजले असल्यामुळे ओळी गुदमरतात, आणि लांब शब्द तोडता येत नसल्याने अरुंद स्तंभात शब्दांमध्ये खिंडारे पडतात. दुसरे असे की तिचा फाँट हिंदीच्या वळणाचा होता. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्यात नव्हते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ही मराठी वळणे प्रमाण म्हणून पुन्हा नमूद केली आहेत. आणि तिसरे, सर्वांत बोचणारे, म्हणजे तो चंद्रकोरीसारखा आडवा र. हिंदीस त्याची गरज पडत नाही, मराठीचे मात्र त्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ह्यांत एका र ने गुरूचा स्वयंपाकी होतो! बऱ्हाणपूर हे नाव हिंदीत 'बुरहानपुर' असे सुखरूप राहते. मराठीत लिहिताना तो र हवाच. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो, साधा 'र' घेतला की रफार होऊन पुढल्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. भाचीस ही गोष्ट कोणी शिकविली नव्हती, आणि छापणाऱ्यास ती माहीत असण्याचे कारण नव्हते.

मग दोन रात्री बसून तिने सारा अंक मोडला व पुन्हा मांडला. आम्ही केवळ साक्षीदार. प्रथम तिने संगणक बंद करून कोरे कागद दुमडले. एक ताव मध्ये दुमडला की चार पाने होतात, म्हणून टाचलेल्या अंकाची पाने नेहमी चारच्या पटीत. त्या कोऱ्या चोवीस पानांवर कोठे काय येणार हे पेन्सिलीने लिहिले. आतला समास बाहेरच्याहून मोठा ठेवला, कारण टाचणीपाशी पान गिळले जाते. आमच्या ज्येष्ठांची येथे आठवण झाली. तीन स्तंभांचे दोन केले, उजवी कडा मोकळी सोडली, ओळीचे अंतर चौदावरून अठरावर नेले. सहा प्रकारची अक्षरे होती, त्यांतली चार काढली. एक मजकुरासाठी, एक मथळ्यासाठी. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या मंडळींनी केलेले 'मुक्त' व 'बालू' असे देवनागरी फाँट आज विनामूल्य मिळतात. रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचा 'मंगल' तर लक्षावधी संगणकांत बसलेला आहे. साधने गणपत कृष्णाजींस स्वप्नातही दिसली नसती इतकी सुलभ झाली आहेत. मजकुराचा रंग तिने निव्वळ काळा केला. चार रंगांच्या मिश्रणातून काढलेले करडे अक्षर छपाईत केसभर सरकले तरी दुहेरी दिसते. मोबाइलवर सुंदर दिसणारी पण छापण्यास अपुरी अशी तीन चित्रे वगळली. इंचास तीनशे ठिपके भरले नाहीत तर कागदावर चित्र धूसर होते.

एवढे झाल्यावर तिने शंका काढली, "पण मग अंक साधा नाही का दिसणार?" आम्ही तिला काही उदाहरणे सांगितली. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी, म्हणजे मूळच्या आजगावकरांनी, १८९५ साली 'मनोरंजन' काढले आणि १९०९ साली मराठीतील पहिला दिवाळी अंक. त्याने वाचकास वर्षातून एकदा सणासारखी वाट पाहावयास लावली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे 'किर्लोस्कर खबर' १९२० साली निघाले, ते चालविणारे शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकलेले होते, आणि नांगराच्या कारखान्यातून निघालेले ते पत्र पुढे महाराष्ट्रातील घराघरांत गेले. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ पासून 'दीपावली'त मुखपृष्ठास चित्राची प्रतिष्ठा दिली. ह्यांपैकी प्रत्येकाची शोभा भक्कम पानावर उभी आहे. घराचे जोते पक्के झाल्यावरच दारावर तोरण.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला छायाचित्र घ्यावयाचे होते म्हणून आम्ही गावातील जामा मशिदीत गेलो. फारुकी सुलतान आदिलशहाच्या काळातील ह्या वास्तूत अरबी लेखाबरोबर देवनागरी अक्षरांतील एक संस्कृत शिलालेखही आहे. त्यात विक्रम संवत १६४६, शके १५११, संवत्सर, मास, तिथी, नक्षत्र हे सारे पंचांगाच्या रीतीने कोरलेले आहे. बांधणारा मुसलमान, वास्तू मशिदीची. तरी गावातील ज्या लोकांचे कालमान निराळे, त्यांच्यासाठी त्यांच्या लिपीत, त्यांच्या मोजणीने तारीख दिली. भाची बराच वेळ त्या ओळी पाहत उभी राहिली. कारागिराने अक्षरे दगडात कोरली होती, चूक झाली असती तर खोडता आली नसती.

दुसरी प्रत आली ती आम्ही निघण्याच्या दिवशी. ती प्रथम काकूंच्या हाती गेली. मुखपृष्ठावर चंद्रकोरीचा र घेऊन बऱ्हाणपूर उभे होते. काकूंनी तिकडे फारसे पाहिले नाही. पाने उलटून त्या थेट कोंकणी मजकुरावर आल्या, आणि मोठ्याने वाचू लागल्या. माहेरच्या पालखीची आठवण होती. मध्येच थांबून त्यांनी बोट ठेवले, "हांगा एक अनुस्वार उणो आसा." नातीने पेन्सिलीने खूण केली. आम्हांस वाटते, त्या अंकास मिळालेला पहिला खरा अभिप्राय तोच. चूक दिसली, याचा अर्थ अक्षर दिसले.

आता आपल्या मंडळींस एक विनंती. आपली देवस्थाने, समाज आणि उत्सवसमित्या दर वर्षी स्मरणिका काढतात, अहवाल छापतात. देणगीदारांची नावे दाटीवाटीने कोंबलेली असतात, गावांची आणि कुलदैवतांची नावे चुकलेली असतात, आणि ज्या वृद्धांनी त्या आस्थेने वाचाव्यात त्यांनाच त्या वाचता येत नाहीत. मग तरुण मंडळी वाचत नाहीत अशी तक्रार होते. प्रत्येक समितीने घरातील एखाद्या शिकणाऱ्या मुलास वा मुलीस हे काम सोपवावे, चुकू द्यावे, पहिली प्रत मोडण्यापुरता वेळ आणि दुसरी छापण्यापुरता पैसा द्यावा. आणि प्रत छापखान्यात जाण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील डोळ्यांपुढे धरावी.

भाचीने अंक महाविद्यालयात दिला. किती गुण मिळाले हे आम्ही अद्याप विचारलेले नाही. मात्र गेल्या आठवड्यात तिचे पत्र आले आहे. काकू आणखी चार पाने सांगावयास बसल्या आहेत, आणि ह्या खेपेस मामांनी तो अनुस्वार आधीच तपासून द्यावा, असा त्यांचा निरोप आहे.